आत्याबाई टिपीत येईनात

पौषात आमच्या हिवरा आश्रमाला पाहुणे येतात. विचारून येत नाहीत, येतातच. गावातल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो. आश्रम काढणाऱ्या शुकदास महाराजांनी घालून दिलेली रीत अशी की महाप्रसादाला पुरी आणि वांग्याची भाजी, आणि वाढायला ट्रॅक्टर. लाखाच्या घरात माणूस रांगा धरून बसतं, ट्रॉल्या रांगांमधून फिरतात आणि कोणाचं पान रिकामं राहत नाही. आता एवढ्या लाखात सात-आठ जण आपल्या नात्यातले निघणारच. दिवसा त्यांची सोय आश्रम करतो, रात्रीची आम्हाला करावी लागते. पौषातली थंडी काय चीज आहे ते आमच्या ओसरीवर निजलेल्या माणसालाच विचारावं. मागच्या वर्षी माझे दोन साडू एका गोधडीत निजले होते. सकाळी दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

म्हणून यंदा दिवाळीचा फराळ संपायच्या आत बायकोनं फर्मान काढलं: दोन गोधड्या नव्या हव्यात. हातानं घालायच्या तर आईची नजर गेलेली आणि बायकोचा खांदा धरलेला. माझी नजर आणि खांदा दोन्ही शाबूत आहेत, पण त्यांची घरात मोजदाद होत नाही. मी म्हणालो, "त्यात काय, मशीनवर मारून टाकू." मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तरफ, कप्पी, चाक आणि आस हे सगळं फळ्यावर खडूनं चालवलेलं आहे. फळ्यावरचं यंत्र कधी बिघडत नाही. त्यामुळे यंत्रांविषयी माझ्या मनात आदर भरपूर आणि गैरसमज त्याहून जास्त.

मशीन आईची, पायडलची. लग्नानंतर चौथ्या वर्षी वडिलांनी कापसाच्या पैशातून आणलेली. अंगावरची सोनेरी अक्षरं आईच्या बाहीनं पुसून पुसून गेली, वेलबुट्टी तेवढी उरली. त्यामुळे पुढे जे काही घडलं त्याचा दोष कुठल्या कंपनीला देण्याची सोय राहिलेली नाही. मागची पंधरा वर्षं तिच्यावर टीव्ही बसला होता. टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा पापडाचा डबा आला. मी डबा उतरवला, धूळ झटकली, चामड्याची कुजलेली वादी काढून नवी घातली आणि पायडल दाबलं. चाक फिरलं. त्याबरोबर एक लांब शीळ निघाली. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' साऱ्या महाराष्ट्रानं ऐकली, आमच्या मशीनची गल्लीनं ऐकली. शेजारचं कुत्रं उठून गेलं.

गोधडीचा ऐवज बायकोनं अंथरला. खाली आईचं सुती लुगडं. पोटात दोन जुन्या चादरी, एक धोतर, माझी टेरिकॉटची शाळेची पँट उसवून. वरच्या अंगाला पट्ट्यापट्ट्यांनी साड्या: आईची, बायकोची, मावशीची, आणि मधोमध आत्याबाईंची नायलॉनची गुलाबी. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आईची नणंद. ही साडी त्यांनी मुंबईहून आणली होती आणि पुढची वीस वर्षं 'मुंबईची आहे' हे कोणाला विसरू दिलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा साडी आईच्या वाट्याला आली. आईनं ती नेसली नाही, टाकलीही नाही.

मी कडेनं सुरुवात केली. चार बोटं टीप छान पडली, सुईही तिथंच तुटली. चूक माझीच. जाड कापड पुढं सरकेना म्हणून मी मागून हातानं ओढलं. ओढलं की सुई वाकते, वाकली की खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते, आपटली की तुटते. मेहकरला जाऊन मी सुयांचं पाकीट आणलं, नवी सुई लावली आणि पुन्हा बसलो. आता मशीन टीप सोडायला लागली. दोन टाके पडायचे, तिसरा गायब. मग पाच पडायचे, पुढचे तीन गायब. वरचा दोरा कापडावर नुसता आडवा पडलेला, माणूस उन्हात खाटेवर पडावा तसा. आश्रमात लाख पानांत एक पान चुकत नाही आणि इथं वीतभर रांगेत चार टाके चुकत होते.

आई ओसरीवरून म्हणाली, "काहून रे बाबू, सुई कोन्या आंगानं लावली?"

मी म्हणालो, "आई, तू आराम कर."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचे चार दिवस त्याचेच आहेत.

शिलाई मशीन अंगणात उन्हाला काढली की गावात दवंडी द्यावी लागत नाही. आधी मोटारसायकलवाला आला. त्यानं चाक हातानं फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, "सर, टायमिंग गेलं." हा माणूस प्रत्येक गाडीबद्दल हेच म्हणतो. त्यानं एकदा एका मोडलेल्या सोयरिकीबद्दलही हेच म्हटलं होतं, आणि खरं म्हणजे तेव्हा तो बरोबर होता. मग मोटारी भरणारा आला. शेतातल्या पंपांच्या मोटारींतली जळालेली तार काढून नवी गुंडाळतो तो. त्यानं मशीनची प्रदक्षिणा केली, विजेची वायर कुठंच दिसेना, तेव्हा 'ही आपली लाइन नाही' म्हणून प्रामाणिकपणे चहा घेऊन गेला. एस.टी.तून रिटायर झालेल्या एका कंडक्टरनं टेन्शन कमी करायला सांगितलं. मी टेन्शनची चकती सैल केली, तर खालून दोऱ्याचं घरटं निघालं, सुगरणीनं बांधावं असं. आता मला कळलंय की टेन्शन बिघडलं की गुंता होतो, दोरा तुटतो, टीप सैल पडते. पण टीप सुटण्याशी त्याचा संबंध फारसा नसतो. तेव्हा कळलेलं नव्हतं. मी चकती सैल करत होतो, आवळत होतो, आणि कंडक्टर 'अजून थोडं, अजून थोडं' करत होते, जशी काय गाडी मागं घ्यायची आहे.

ट्रॅक्टर चालवणारा पुतण्या आला तो तेलाची बाटली घेऊनच. "काका, ऑइल पाह्यलं काय?" पाहिलं नव्हतं. झाकण काढलं तर आत तेल नव्हतं, डिंक होता. आईनं वर्षानुवर्षं खोबरेल घातलेलं. खोबरेल केसाला बरं, पण लोखंडावर बसून राहिलं की चिकट होतं. मशीनला मशीनचंच पातळ तेल लागतं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून पुतण्यानं ट्रॅक्टरमधलं डिझेल आणलं. ब्रशनं शटल धुतलं तेव्हा आतून कापसाची भुकटी, एक टाचणी, अर्धं बटण आणि खाकी दोऱ्याचा तुकडा निघाला. खाकी म्हणजे माझ्या दुसरीतल्या चड्डीचा. मी तो चिमटीत धरून क्षणभर पाहिला. पुतण्यानं फुंकर मारली.

मशीन साफ झाली, शीळ बंद झाली, चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. आधी ती खडखड करत टीप सोडायची, आता आवाज न करता सोडायला लागली.

पाचवा माणूस आला तो उपाय सांगायला नाही, सांत्वनाला. म्हणाला, "सर, आपल्या गावाला सुटलेल्या टिपेची सवय हाय." २०१७ मध्ये एक्क्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मान हिवरा आश्रमाला मिळाला होता. आम्ही मंडपाची जागासुद्धा मनात मोजून ठेवली होती. मग वाद झाला, आश्रमानं निमंत्रण मागं घेतलं आणि संमेलन २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला झालं. आमच्या अंगावरून दोरा आडवा निघून गेला. मला ही उपमा पटली, पण तिनं गोधडी पुढं सरकेना.

माणसांचं ऐकून झालं की मास्तर पुस्तकाकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मी शिलाई मशीनचा इतिहास काढून बसलो. बायको म्हणाली, "अहो, इतिहास नका काढू, सुई काढा." मी ऐकलं नाही. आणि इतिहास मोठा मजेशीर निघाला. बार्तेलमी तिमोनिये नावाच्या फ्रेंच शिंप्यानं १८३० मध्ये मशीनचं पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये लष्कराचे गणवेश शिवायचा कारखाना टाकला, आणि १८३१ मध्ये तिथले शिंपी कारखान्यात घुसले आणि त्यांनी मशिनी मोडून टाकल्या. मी वर्गात अशा लोकांना प्रगतीचे शत्रू म्हणून शिकवलं असतं. गोधडीच्या तिसऱ्या दिवशी मला त्यांची बाजू कळायला लागली.

पुढं अमेरिकेत एलियास हाव यानं १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट घेतलं. सुईचं नाक टोकाला, आणि खाली दुसरा दोरा घेऊन धावणारं शटल. त्याच्या घराण्यात एक कथा सांगतात: त्याला स्वप्नात भाले घेतलेले लोक दिसले आणि भाल्यांच्या टोकांना भोकं होती, म्हणून त्याला नाक टोकाला करायचं सुचलं. स्वप्न खरं असो नसो, सुई खरी आहे. हातसुईचं नाक बुडाला असतं, मशीनच्या सुईचं टोकाला, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

मग १८५१ चा आयझॅक सिंगर. याच्यावर आपल्याकडे गांधीजींचा लोभ. १९२४ साली त्यांना विचारलं गेलं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का. तेव्हा त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून सूट दिली. बायकोला हातानं शिवताना कष्टी होताना पाहून प्रेमापोटी त्या माणसानं हे यंत्र घडवलं, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींना कोणी पुढचं सांगितलं नसावं. सिंगर मूळचा नाटकातला नट, पैशासाठी यंत्रांकडे वळलेला, आणि बायको म्हणावी तर नेमकी कोणती, हा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतर कोर्टात गेला. मुलं वीसहून जास्त. एवढ्या घराचे कपडे शिवायचे म्हटल्यावर मशीन लागणारच.

आणि गोधडीला तर यातलं काहीच लागत नाही. एक सुई, एक दोरा आणि चार बायका गप्पा मारत बसलेल्या. कडेपासून चौकोनी फेऱ्या घेत धावदोरा आत सरकत जातो, मधोमध पोचेपर्यंत गावातली सगळी प्रकरणं निकालात निघालेली असतात. वऱ्हाडातल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, अंगावर चिंध्यांची गोधडी असायची म्हणून. त्या गोधडीवर कोणी शटलचं टायमिंग तपासलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री सगळे निजल्यावर मी मशीनची खालची सरकपट्टी उघडली, मोबाइलचा टॉर्च लावला, भिंग घेतलं आणि चाक हातानं, अगदी हळू, फिरवत बसलो. पस्तीस वर्षांत जे फळ्यावर काढलं नाही ते त्या रात्री बघितलं. सुई दोरा घेऊन खाली जाते, तळ गाठते, आणि परत निघताना दोन-अडीच मिलिमीटर वर येते. त्या तेवढ्या अंतरात जादू होते. वरून कापडानं दोरा धरून ठेवलेला असतो, खालून सुई वर ढकलते, मग दोऱ्याला जायला जागा नसते. तो सुईच्या बाजूला फुगतो. तांदळाच्या दाण्याएवढा फुगा. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्या फुग्यात शिरतं, त्याला धरून खालच्या बॉबीनभोवती फिरवतं, आणि टाका गुंफला जातो. फुगा झाला आणि टोक शिरलं तर टीप. फुगा झाला नाही, किंवा झाला पण टोक बाजूनं निघून गेलं, तर दोरा खाटेवर आडवा.

आमचा फुगा होत होता. टोक त्याच्या शेजारून, नुसतं हात हलवून, जात होतं. ओळख असून न बोलणाऱ्या नातेवाइकासारखं. मी अकरा वेळा पाहिलं. नऊ वेळा शेजारून, दोन वेळा आत.

सकाळी मी हे आईला मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो. फुगा, टोक, अडीच मिलिमीटर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुई काढून दे इकडं."

मी सुई काढून तिच्या तळहातावर ठेवली. आईला दारातला माणूस ओळखू येत नाही, आवाजावरून ओळखते. तिनं सुईचा जाड दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून गोल फिरवला. एकदा, दोनदा.

"हे आपल्या मशीनची सुईच नाही. हे गोल हाय. आपलीले एका आंगानं चपटं रायते."

माझ्या पोटात गोळा आला. मी मेहकरला दुकानात नुसतं 'सुई द्या' म्हटलं होतं. मास्तर असून मापाचं एकक सांगितलं नव्हतं. मिळाली ती कारखान्यातल्या मोठ्या, भरधाव चालणाऱ्या मशीनची, गोल दांड्याची. घरच्या मशीनच्या सुईचा दांडा जाड असतो आणि एका बाजूनं तासलेला असतो. तासलेली बाजू शटलच्या टोकाकडे, लांब खाच त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि दोरा खाचेच्या बाजूनं ओवायचा. म्हणजे सुई खोबणीत एकाच पद्धतीनं बसते, चुकायला जागाच ठेवलेली नाही. गोल बारीक दांडा मात्र तिथं कसाही बसतो, केसभर इकडं, केसभर तिकडं. शटलच्या टोकाला तेवढा केस पुरतो.

टायमिंग गेलेलं नव्हतं. टेन्शन ठीक होतं. जळायला तार नव्हतीच. पहिल्या दिवशी ओसरीवरून विचारलेला प्रश्न तेवढा बरोबर होता.

पुन्हा मेहकर. या वेळी मी दुकानदाराला परीक्षा घेतल्यासारखं सांगितलं: घरची मशीन, चपट्या दांड्याची, १६ नंबर. पाकिटावर १००/१६ छापलेलं होतं. हे शंभर म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. चौदा नंबरची ०.९० ची असते, अठराची १.१०. मी हे दुकानदाराला समजावून सांगितलं. तो पस्तीस वर्षं सुया विकत होता.

नवी सुई वरपर्यंत दाबून बसवली, आईनं बोटानं चपटी बाजू तपासली, आणि मी पायडल दाबलं. टीप, टीप, टीप. आईच्या साडीवर एक टाका सुटला नाही. बायकोच्या साडीवर सुटला नाही. मावशी निमूटपणे पार पडली. मी 'आता दोन दिवसांत दोन्ही होतात' असं म्हणालो, आणि सुई आत्याबाईंच्या गुलाबी नायलॉनवर चढली.

चौथा टाका सुटला. मग सहावा, सातवा, आठवा.

आई ओसरीवर बसल्या जागी हसली. "जितेपणी कोनाच्या शब्दात आली नाही ते, आता टिपीत येईन काय!"

मी परत टॉर्च घेऊन खाली वाकलो. सुती लुगडं सुईला खाली जाऊ देतं आणि वर येताना जागेवर राहतं. नायलॉन तसं करत नाही. ते सुईला चिकटतं आणि सुईबरोबर थोडं वर उचललं जातं, पाहुणा निघाला की फाटकापर्यंत मागं मागं येणाऱ्या माणसासारखं. कापड वर गेलं की दोरा धरलेला राहत नाही, फुगा होत नाही, टोकाला धरायला काही उरत नाही. त्यातून खाली चादरी, धोतर आणि माझी पँट. आत्याबाई एकट्या नव्हत्या, मीही त्यात होतो.

आईनं उपाय सांगितले ते असे: दाब वाढव, हळू मार, सुईच्या जवळ दोन बोटांनी कापड दाबून धर, आणि मागून ओढू नकोस. वरच्या दांडीवरचा दाबाचा स्क्रू मी दोन फेरे आवळला. फरक पडला, पण दहातले तीन टाके अजून सुटत होते. मग ती म्हणाली, "कागद घे." नायलॉनला कागदाची साथ दिली की ते उचललं जात नाही. मला हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं फार आवडलं. मी लगेच जुन्या वर्तमानपत्राचं पान घेतलं, आत्याबाईंच्या पट्ट्याखाली, चादरींच्या वर, नीट पसरलं आणि सगळी टीप मारून टाकली. एक टाका सुटला नाही. आत्याबाई सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फक्त जिथं माझ्या पँटची जाड शिवण खालून आडवी जात होती तिथं चार बोटं जागा सुटली. तिथं बायकोनं दाभण घेऊन हातानं धावदोरा घातला आणि आईनं बोट फिरवून टाके मोजले.

सगळं झाल्यावर आईनं गोधडीवरून हात फिरवला. हात गुलाबी पट्ट्यावर थांबला. तिनं तिथं दोनदा दाबून पाहिलं.

"कागद आत घातला काय रे?"

"हो. तूच सांगितलंस."

"वरतून ठेवा लागते बाबू. टीप मारली की फाडून काढता येते."

ही सूचना सगळी टीप मारून झाल्यावर मिळाली, हे मी इथं नोंदवून ठेवतो. दुसरी गोधडी आम्ही नायलॉन न घालता केली, ती सव्वा दिवसात झाली. मशीनवर पापडाचा डबा परत आला आहे. उरलेल्या सुया आईनं डब्याच्या झाकणाला चिकटपट्टीनं लावल्या, चपटी बाजू वर.

उत्सवाला पाहुणे आले, नऊ जण. साडूंना एकेक गोधडी द्यायचं ठरलं होतं. थोरल्यानं आत्याबाईंची घेतली आणि मध्यरात्री उठून बसला. म्हणाला, कूस बदलली की कोणीतरी पेपर वाचतंय.

आता ती गोधडी मी पांघरतो.